तेरा ओळींची वही

जून महिन्यांत शाळा उघडली म्हणजे नवीन पुस्तकांना वेष्टणें घालण्याबरोबरच पुष्कळ विद्यार्थी मनाशीं कांहीं निश्चय करितात. कोणी म्हणतो, ह्या वर्षीं पहांटे उठून अभ्यास करीन. कोणी म्हणतो, रोजचें काम रोज संपवीन. कोणी धाकट्या भावंडांशीं न भांडण्याचें ठरवितो. पुस्तकांचीं वेष्टणें दिवाळीपर्यंत तरी टिकतात. निश्चय मात्र बहुधा नागपंचमीसुद्धां पाहत नाहींत. पुढें सहामाही परीक्षा जवळ आली म्हणजे त्यांची आठवण होते, आणि तींच मुलें खिन्न होऊन म्हणतात, "आमच्यानें कांहीं व्हावयाचें नाहीं."

हा शेवटला उद्गार ऐकून आम्हांस फार वाईट वाटतें. निश्चय मोडणें हें मनुष्यस्वभावाला धरूनच आहे. परंतु एकदां मोडला म्हणून तो पुन्हां करावयाचाच नाहीं, असें ठरविण्यांत आयुष्याचें नुकसान आहे. ह्याकरितां ज्यानें स्वतःसाठीं नियम केले, ते शेंकडों वेळां मोडले, आणि तरीही आपली वही मिटून ठेविली नाहीं, अशा एका पुरुषाची हकीकत आज आम्ही विद्यार्थ्यांस व त्यांच्या आईबापांस सांगणार आहों.

बेंजामिन फ्रँकलिन ह्याचें नांव विजेविषयींच्या धड्यांत तुम्हीं वाचलें असेल. त्याचा जन्म अमेरिकेंतील बोस्टन शहरीं ता. १७ जानेवारी १७०६ रोजीं झाला. बाप मेणबत्त्या व साबण करून विकीत असे. त्याला एकंदर सतरा मुलें. त्यांत बेंजामिन हा पंधरावा, आणि मुलग्यांत सर्वांत धाकटा. एवढ्या मोठ्या कुटुंबाचा भार वाहणाऱ्या बापाला त्यास दोन वर्षांपेक्षां अधिक शाळेंत ठेवतां आलें नाहीं. दहाव्या वर्षीं तो बापाच्या हाताखालीं मेणबत्त्यांच्या वाती कापूं लागला, आणि बाराव्या वर्षीं थोरल्या भावाच्या छापखान्यांत उमेदवार म्हणून राहिला. पुस्तकें विकत घेण्यास पैसा नसे. तेव्हां पुस्तकांच्या दुकानांतील उमेदवारांच्या ओळखीनें संध्याकाळीं एखादें पुस्तक आणावें, रात्रीचा बहुतेक भाग जागून तें वाचावें, आणि सकाळीं लवकर परत करावें, असें तो अनेकदां करी.

पुढें भावाशीं न पटल्यामुळें १७२३ सालीं तो घर सोडून निघाला आणि फिलाडेल्फिया शहरीं पोहोंचला. त्या वेळीं त्याचें वय सतरा वर्षांचें होतें. अंगावर प्रवासाचे मळके कपडे, खिशांत थोडीं नाणीं, आणि शहरांत ओळखीचें कोणी नाहीं. त्यानें तीन पेनी देऊन तीन मोठे पाव घेतले. एक खात खात तो रस्त्यानें चालला, आणि उरलेले दोन त्यानें आपल्याबरोबर बोटींतून आलेल्या एका बाईला व तिच्या मुलाला दिले. ह्याच मुलानें पुढें त्या शहरीं छापखाना काढला, वर्तमानपत्र चालविलें, १७३१ सालीं वर्गणीचें पुस्तकालय स्थापिलें, आणि १७७६ सालीं अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही केली.

तरुणपणीं फ्रँकलिनच्या मनांत एक धाडसाची कल्पना आली. बरें काय व वाईट काय हें आपणांस कळतें. तर मग नेहमीं बरें तेंच कां करूं नये, असें त्यास वाटलें. परंतु अनुभव निराळाच आला. एका दोषावर पहारा ठेवावा, तों दुसरा मागील दारानें आंत शिरे. तेव्हां नुसत्या इच्छेनें हें काम होणार नाहीं, त्याला कांहीं पद्धति पाहिजे, हें त्यानें ओळखलें. ही पद्धति त्यानें आपल्या आत्मचरित्रांत वर्णिली आहे. त्यांतील हा भाग त्यानें १७८४ सालीं फ्रान्स देशांत असतां, वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षीं लिहिला.

प्रथम त्यानें गुणांची एक यादी केली: मिताहार, मितभाषण, व्यवस्थितपणा, निश्चय, काटकसर, उद्योग, निष्कपटपणा, न्याय, सौम्यपणा, स्वच्छता, मनाची शांति, शुद्धाचरण आणि नम्रता, असे हे तेरा गुण. प्रत्येक गुणापुढें त्याचा अर्थ त्यानें थोडक्यांत लिहून ठेविला. मिताहार म्हणजे सुस्ती येईल इतकें न खाणें व नशा येईल इतकें न पिणें. व्यवस्थितपणा म्हणजे प्रत्येक वस्तूला जागा व प्रत्येक कामाला वेळ नेमून देणें. सौम्यपणा म्हणजे टोंकाला न जाणें व झालेल्या अपकाराचा राग मनांत न धरणें. ह्याप्रमाणें अर्थ ठरविल्यामुळें संध्याकाळीं हिशेब करितांना सबबी सांगण्यास जागा राहिली नाहीं. जो मुलगा नुसतें "मी चांगला होईन" म्हणतो, त्याला आपण चुकलों केव्हां हेंच कळत नाहीं. आणि जो "शाळेंतून आल्यावर दप्तर जागेवर ठेवीन" म्हणतो, त्याला तें त्याच दिवशीं कळतें.

मग त्यानें एक लहानशी वही केली. एका पानावर सात उभीं घरें, आठवड्याच्या सात दिवसांचीं. आणि तेरा आडव्या ओळी, तेरा गुणांच्या. रोज रात्रीं दिवसाचा आढावा घ्यावा, आणि ज्या गुणाविरुद्ध चूक झाली असेल त्याच्या ओळींत, त्या दिवसाच्या घरांत एक काळा ठिपका द्यावा. पण तेराही गुणांवर एकदम हल्ला करण्याचें त्यानें टाळिलें. एका आठवड्यांत एकाच गुणावर मुख्य लक्ष. त्याची ओळ शुद्ध राहिली म्हणजे झालें. बाग निंदणारा माळी सगळ्या बागेंतील तण एकदम उपटीत नाहीं. तो एक वाफा साफ करितो व मग दुसऱ्याकडे वळतो. तसेंच हें, असें तो म्हणतो. तेरा आठवड्यांत एक फेरा पुरा होई, आणि वर्षांतून असे चार फेरे होत.

दिवसाचेंही त्यानें वेळापत्रक केलें होतें. सकाळीं पांचला उठावें, रात्रीं दहाला निजावें. सकाळीं उठून स्वतःस विचारावें कीं, आज मी कोणतें चांगलें काम करूं? आणि निजण्यापूर्वीं विचारावें कीं, आज मीं कोणतें चांगलें काम केलें? संध्याकाळच्या कामांत पहिलें काम होतें तें सर्व वस्तू आपापल्या जागीं ठेवण्याचें. एवढा मोठा पुरुष रोज संध्याकाळीं आपल्या वस्तू जागेवर ठेवण्याचा नियम लिहून ठेवितो, हें वाचून ज्यांची टोपी, पेन्सिल व भूगोलाची वही रोज सकाळीं हरवते त्यांनीं थोडा विचार करावा.

आतां तुम्ही विचाराल, "मग तो निर्दोष झाला काय?" नाहीं. पहिल्याच आठवड्यांत त्याला आश्चर्य वाटलें कीं, आपल्यांत कल्पनेपेक्षां किती तरी अधिक दोष आहेत! ठिपके खोडून तेंच पान पुन्हां वापरतां वापरतां कागदाला भोंकें पडलीं. तेव्हां त्यानें हस्तिदंताच्या पातळ पानांवर तांबड्या शाईनें घरें आंखिलीं, त्यांवर शिसपेन्सिलीनें ठिपके देऊं लागला, आणि ओल्या स्पंजानें ते पुसूं लागला. सर्वांत अधिक त्रास त्याला व्यवस्थितपणानें दिला. वस्तू जागेवर ठेवण्याची संवय त्याला लहानपणीं लागली नव्हती. स्मरणशक्ति उत्तम असल्यामुळें तिच्यावांचून अडतही नसे. ह्या एका गुणापुढें त्यानें जवळजवळ हात टेंकले.

ह्याच प्रसंगीं तो एक गोष्ट सांगतो. एका मनुष्यानें लोहाराकडून कुऱ्हाड विकत घेतली. धारेप्रमाणेंच सगळें पातें चकचकीत पाहिजे, असा त्याचा हट्ट. लोहार कबूल झाला, पण धार लावण्याचें चाक तुम्ही फिरवा म्हणाला. लोहारानें पात्याची रुंद बाजू दगडावर जोरानें दाबून धरिली. चाक फिरवितां फिरवितां त्या गृहस्थाचा दम निघाला. तो मधून मधून येऊन पाही, आणि शेवटीं आहे तशीच कुऱ्हाड न्यावयास निघाला. अजून नुसते ठिपके ठिपके उजळले आहेत, आणखी थोडें फिरवा म्हणजे सगळें लख्ख होईल, असें लोहारानें सांगितलें; परंतु तोंपर्यंत त्या गृहस्थाला ठिपक्यांचीच कुऱ्हाड आवडूं लागली होती!

मुलांनों, "माझा स्वभावच असा आहे" असें म्हणणारा प्रत्येक मनुष्य ही ठिपक्यांची कुऱ्हाड खांद्यावर घेऊन घरीं चाललेला असतो. ह्या मोहांत आपणही सांपडलों होतों, हें फ्रँकलिन मोकळेपणानें कबूल करितो. तथापि त्यानें वही पुष्कळ वर्षें चालविली, आणि म्हातारपणीं लिहिलें कीं, पूर्णत्व आपणांस लाभलें नाहीं, परंतु प्रयत्न न करितां जसे राहिलों असतों त्यापेक्षां आपण अधिक चांगले व अधिक सुखी झालों. तो कित्त्याचा दृष्टांत देतो. छापील कित्ता गिरविणाऱ्याचें अक्षर कित्त्यासारखें कधींच होत नाहीं. पण गिरविल्यानें तें सुधारतें, आणि वाचण्याजोगें होतें.

येथवर ही हकीकत पुष्कळ शाळांत शिकवितात. पुढील भाग आम्ही स्वतःच्या चुकीवरून शिकलों, तो सांगणें आम्ही आपलें कर्तव्य समजतों.

कांहीं वर्षांपूर्वीं हा धडा आम्हीं एका वर्गांत मोठ्या उत्साहानें शिकविला. प्रत्येकानें लहान वही करावी, पांच गुण लिहावे, आणि दर शनिवारीं ती आम्हांस दाखवावी, असें ठरविलें. पहिल्या शनिवारीं वह्या ठिपक्यांनीं भरलेल्या होत्या. आम्ही कपाळाला आठ्या घालून एकेकास बोललों. दुसऱ्या शनिवारीं ठिपके निम्म्यावर आले. चौथ्या शनिवारीं बहुतेक सर्व पानें कोरीं झालीं, आणि आमच्या शिकविण्याचें हें फळ पाहून आम्ही मनांतल्या मनांत फुगून गेलों. एका मुलाची वही मात्र पहिल्या आठवड्याइतकीच काळी होती. त्याला आम्हीं वर्गापुढें उभें केलें, आणि "इतर मुलें सुधारलीं, तुला लाज वाटत नाहीं काय?" असें विचारलें. तो बराच वेळ खालीं मान घालून उभा राहिला. मग हळूच म्हणाला, "सर, रबर माझ्याजवळही आहे."

वर्गांत कोणीही हंसलें नाहीं. कोणी मान वर करून आमच्याकडे पाहीनाही. आमच्या ध्यानांत आलें कीं, चाळीस मुलांपैकीं ज्यानें वही खरी ठेविली त्यालाच आम्हीं शिक्षा केली, आणि बाकीच्यांना खोटें लिहिण्यास आम्हींच शिकविलें. सोमवारीं आम्हीं वर्गापुढें त्या मुलाची क्षमा मागितली. ती शनिवारींच मागावयास पाहिजे होती. परंतु मधला एक दिवस आमच्या मानीपणानें घेतला. त्या रविवारीं उपासनामंदिरांत आम्ही बसलों होतों, पण उपदेशाचा एक शब्दही आमच्या कानांत शिरला नाहीं.

मग आम्हीं फ्रँकलिनची हकीकत पुन्हां वाचली, आणि पूर्वीं नजरेंतून सुटलेली गोष्ट दिसली. त्याची वही कोणी तपाशीत नव्हतें. ठिपके देणारा तोच, वाचणारा तोच, आणि पुसणाराही तोच. त्यांवर बक्षीस नव्हतें कीं शिक्षा नव्हती. म्हणूनच तेथें खोटें लिहिण्याचें कारण उरलें नाहीं. शिक्षकाच्या किंवा बापाच्या हातांत गेलेली अशी वही मुलाला ढोंग शिकविते. स्वतःसाठीं केलेला नियम मनुष्यास नम्र करितो, आणि तोच नियम दुसऱ्यास मोजण्यासाठीं वापरला म्हणजे मनुष्य कठोर होतो.

परंतु ह्या एकांतांतल्या हिशेबालाही एक उणीव आहे. जो दोष आपल्याला दिसतो त्याचाच ठिपका आपण देतों. जो दिसतच नाहीं त्याचें काय? फ्रँकलिनच्या मूळ यादींत बाराच गुण होते. क्वेकर पंथाचा त्याचा एक मित्र होता. त्यानें स्नेहभावानें सांगितलें कीं, तुला लोक गर्विष्ठ समजतात; वादांत तुझें म्हणणें बरोबर ठरलें एवढ्यानें तुझें समाधान होत नाहीं, समोरच्यास तूं खालीं पाहावयास लावतोस; आणि त्यानें तसे प्रसंगही दाखवून दिले. फ्रँकलिन रागावला नाहीं. त्यानें यादींत नम्रता हा तेरावा गुण घातला, आणि त्यापुढें येशू ख्रिस्त व सॉक्रेटीस ह्यांचें अनुकरण करावें असें लिहिलें. तेव्हांपासून "निःसंशय", "खात्रीनें" असे शब्द त्यानें बोलण्यांतून काढून टाकिले, आणि "मला असें वाटतें" म्हणण्याची संवय लाविली.

ह्याहून मोठा दोष मात्र फार उशिरा सुधारला. यादींत न्याय हा गुण होता. तरी त्याच्या घरीं गुलाम होते, आणि त्याच्या वर्तमानपत्रांत गुलामांच्या विक्रीच्या जाहिराती छापल्या जात. ज्या अन्यायांत सारें गांव सामील असतें, तो एकट्याच्या वहींत सहसा उमटत नाहीं. पुढें त्याचें मत हळूहळू बदललें. १७८७ सालीं गुलामगिरी बंद करण्यासाठीं झटणाऱ्या पेन्सिल्व्हेनियांतील मंडळीचा तो अध्यक्ष झाला, आणि फेब्रुवारी १७९० मध्यें त्याच्या सहीचा अर्ज अमेरिकेच्या काँग्रेसपुढें गेला. त्यानंतर दोन महिन्यांनीं, ता. १७ एप्रिल १७९० रोजीं, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षीं तो मरण पावला. दोष उशिरा दिसला, हें खेदाचें. पण म्हातारपणींही तो पाहण्यास त्यानें डोळे उघडे ठेविले, हें घेण्याजोगें. आपल्या घरींही असे दोष असतील. भाऊ अभ्यासाला बसला असतां भांडीं नेहमीं बहिणीनेंच कां घासावीं, आणि घरकामाला येणाऱ्या बाईचा पेला निराळा कां असावा, हे प्रश्न कोणाच्या वहींत आहेत काय?

आईबापांसाठीं आणखी एक गोष्ट सांगतों. फ्रँकलिनचा चार वर्षांचा मुलगा १७३६ सालीं देवीच्या रोगानें वारला. त्या काळीं देवी येऊं नयेत म्हणून निरोगी माणसास मुद्दाम देवी टोंचून घेण्याची चाल नुकतीच पसरत होती, आणि लोक तिला भीत असत. मूल पोटाच्या विकारानें अशक्त झाल्यामुळें बापानें टोंचणें लांबणीवर टाकिलें होतें. मूल गेल्यावर तें टोंचल्यामुळेंच गेलें, अशी अफवा उठली, व लोक अधिकच भिऊं लागले. तेव्हां दुःखांत असतांही त्या बापानें डिसेंबर १७३६ मध्यें आपल्याच वर्तमानपत्रांत छापलें कीं, मुलाला टोंचलेंच नव्हतें, आणि टोंचणें हितकारक आहे असेंच आपलें मत आहे. पुढें आत्मचरित्रांतही त्यानें आपला पश्चात्ताप इतर आईबापांच्या उपयोगासाठीं लिहून ठेविला. गप्प राहणें सोपें होतें. परंतु गप्प राहिल्यानें दुसऱ्यांचीं मुलें दगावलीं असतीं. निष्कपटपणाची ओळ खरी भरली गेली ती ह्या दिवशीं, असें आम्हांस वाटतें.

आतां विद्यार्थ्यांस चार शब्द सांगून हा लेख पुरा करितों. वही करावयाची असेल तर लहान करा. एका वेळीं एकच नियम घ्या, आणि तो मोजतां येईल असा घ्या. रात्रीं निजण्यापूर्वीं दोन मिनिटें बसून खरा ठिपका द्या. ती वही कोणास दाखवूं नका. परंतु महिन्यांतून एकदां, तुमच्यावर ज्याची माया आहे अशा एका माणसाला, आईला, आजीला किंवा जिवलग मित्राला विचारा कीं, मला न दिसणारा माझा दोष कोणता? उत्तर मिळेल तें ऐकून घ्या, व त्या दिवशीं तरी उलट बोलूं नका. आणि पान काळें झालें म्हणजे रडत बसूं नका. पुढल्या आठवड्याचें पान कोरें असतें.

आईबापांस आमची विनंती इतकीच आहे कीं, मुलाची वही मागूं नये. आपली स्वतःची ठेवावी. ज्या घरांत बाप मुलांदेखत "माझें चुकलें" म्हणतो, त्या घरांतील मुलांस खरें बोलण्याचें भय वाटत नाहीं.

फ्रँकलिन धंद्यानें छापखानेवाला. आपल्या आयुष्यांतील चुकांना तो मुद्रकाच्या भाषेंत मुद्रणदोष म्हणे. असे दोष कोणत्याही पुस्तकांत राहतात. शहाणा मुद्रक ते झांकीत नाहीं, पुस्तकाला शुद्धिपत्र जोडतो. ह्या लेखास आमचें शुद्धिपत्र आम्हीं जोडलेंच आहे. तो मुलगा आतां मोठा झाला असेल. हा अंक त्याच्या हातीं पडला तर त्यानें वाचावें कीं, त्या शनिवारचा ठिपका आमच्या वहींत अजून आहे, आणि तो आम्हीं रबरानें पुसलेला नाहीं.